रोमन प्रहसनांची वंशावळ

'अंगूर' हा हिंदी चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असेल. सन १९८२ मध्ये तो निघाला. संजीवकुमार आणि देवेन वर्मा या दोघांनी त्यात प्रत्येकी दोन-दोन कामे केली आहेत. दोन जुळे मालक, दोघांचेही नाव अशोक. दोन जुळे नोकर, दोघांचेही नाव बहादूर. एक जोडी एका गावात घरसंसार करून राहते, दुसरी त्याच गावात पाहुणी म्हणून येऊन उतरते, आणि मग जो काही घोळ होतो तो विचारू नका. बायको परक्याला नवरा समजून घरात ओढते, सोनाराचा हार भलत्याच्या हातात जातो, आणि खरा घरधनी स्वतःच्या दाराबाहेर उभा राहून कडी वाजवीत बसतो. ही गोष्ट शेक्सपियरची, असे चित्रपटच आपल्याला सांगतो. ते खरे आहे, पण अर्धेच. शेक्सपियरने ती ज्याच्याकडून घेतली, तो प्लॉटस नावाचा रोमन नाटककार त्याच्या सुमारे अठराशे वर्षे आधी होऊन गेला. आणि या प्लॉटसची नाटकेही ग्रीकांच्या नाटकांवरून बेतलेली!

आता कोणी कोणाचे उचलले, याचा हिशेब मांडायला मी येथे बसलेलो नाही. रंगभूमीवर उचलेगिरीला फारसे कोणी पाप मानीत नाही. मला वेगळीच गोष्ट सांगावयाची आहे. ही प्रहसने एका देशातून दुसऱ्या देशात गेली तेव्हा त्यांतील गुंता जवळजवळ जसाच्या तसा राहिला. बदलत गेला तो त्यांतला नोकर. मूळ रोमन नाटकात तो नोकर नव्हताच. तो गुलाम होता, बाजारात विकत घेतलेला.

प्रथम थोडे रोमविषयी. इ. स. पूर्व २४० या वर्षी रोममध्ये लॅटिन भाषेतले पहिले नाटक झाले. ते करणारा लिव्हिअस अँड्रोनिकस हा मूळचा ग्रीक, दक्षिण इटलीतल्या टॅरेंटम शहरचा. युद्धकैदी म्हणून रोमला आला असे सांगतात. म्हणजे रोमन रंगभूमीचा जन्मच मुळी भाषांतरातून झाला. प्लॉटसचा काळ इ. स. पूर्व २५४ ते १८४ असा साधारणपणे धरतात. अंब्रिया प्रांतातल्या सार्सिना या आडगावचा हा माणूस. व्यापारात बुडाला, पिठाच्या गिरणीत जाते ओढले, आणि तेथेच फावल्या वेळात नाटके लिहिली, अशी एक आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे. पण नाटककाराच्या दारिद्र्याची कथा कोणत्याही देशात लोकांना आवडते. त्याची वीस नाटके आज शिल्लक आहेत, आणि एकविसाव्याचे काही तुकडे.

ही नाटके होत कशी? रोममध्ये त्या काळी पक्के नाट्यगृह नव्हते. दगडी नाट्यगृह पाँपीने बांधले ते इ. स. पूर्व ५५ मध्ये, प्लॉटसच्या पश्चात सव्वाशे वर्षांनी. तोवर देवांच्या उत्सवात लाकडी मंच उभारायचा, खेळ करायचा आणि मंच मोडून टाकायचा. खर्च सरकारी अधिकारी करीत, तिकीट नाही. आपल्या जत्रेतल्या तमाशाच्या फडाची आठवण व्हावी असाच हा थाट. प्रेक्षक धरून ठेवणे सोपे नव्हते. टेरेन्स म्हणून दुसरा थोर नाटककार, त्याचे 'सासू' हे नाटक चालू असताना शेजारी दोरावरच्या कसरती सुरू झाल्याची आवई उठली आणि मंडळी उठून चालती झाली! प्लॉटसने ही नाडी बरोबर ओळखली होती. त्याच्या नाटकांत बोलणे कमी आणि गाणे फार; पाव्याच्या जोडीवर पात्रे गात. ज्यांना संगीत नाटक ऐकून ठाऊक आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही.

पात्रे मात्र सगळी ग्रीक. अंगावर ग्रीक अंगरखा, गावे ग्रीक, नावे ग्रीक. यात एक सोय होती, बरं का. मूर्ख बाप, उधळ्या मुलगा, बापाला गंडवणारा गुलाम, हे सगळे 'तिकडे ग्रीसमध्ये असे चालते' म्हणून दाखविता येई, आणि रोमन घरमालक निर्धास्तपणे हसू शके. हसता हसता आपल्याच घरातले कोणी ओळखीचे दिसले, तर ते ज्याचे त्याने पाहावे.

प्लॉटसच्या उमेदीच्या काळात रोम आणि कार्थेज यांचे दुसरे मोठे युद्ध चालू होते; ते इ. स. पूर्व २१८ पासून २०१ पर्यंत चालले. त्यानंतर पूर्वेकडच्या लढाया. प्रत्येक विजयाबरोबर माणसांचे तांडे विक्रीला येत. कायद्याने गुलाम म्हणजे वस्तू. त्याचे लग्न हे लग्न नव्हे, त्याचा पैसा मालकाचा, आणि न्यायालयात त्याची साक्ष घ्यायची ती त्याला यातना देऊनच, असा दंडक. आणि हे गुलाम नाटकालाही येऊन बसत. प्लॉटसच्या 'छोटा कार्थेजी' या नाटकाच्या प्रस्तावनेत गुलामांना दटावलेले आहे की, बाकांवर बसू नका, स्वतंत्र माणसांना जागा द्या. नाहीतर पैसे भरून आधी स्वतः स्वतंत्र व्हा. यावर प्रेक्षकांत हशा पिकला असेल. सगळेच हसले असतील का?

या अशा समाजात प्लॉटसने नाटकातला सर्वांत हुशार माणूस कोणाला केले? गुलामाला. धनी प्रेमात पडून रडत बसतो, आणि सगळी कारस्थाने रचतो तो गुलाम. 'स्यूडोलस' या नाटकातला त्या नावाचा गुलाम तर पैज मारून, आधी सूचना देऊन, आपल्या मालकाला फसवतो. त्याच्या बोलण्यात चाबूक, बेड्या, गिरणीचे जाते आणि सुळी जाणे यांचे विनोद सारखे येतात. हे विनोद त्याने हवेतून काढलेले नाहीत. त्या प्रत्येक शिक्षेचा अनुभव समोर बसलेल्यांपैकी कोणाला तरी असणार. खेळापुरता गुलाम वरचढ व्हायचा आणि उत्सव संपला की मंच मोडायचा. शिमग्यात जिभेला मोकळीक असते ना, तसलाच हा प्रकार.

आपल्या संस्कृत नाटकातला विदूषक आणि हा गुलाम यांची काही लोक सरसकट तुलना करतात. मला ती पटत नाही. विदूषक हा ब्राह्मण, राजाचा मित्र. त्याची भूक आणि भित्रेपणा हसण्याजोगा, पण त्याला कोणी विकत नाही. 'मृच्छकटिका'तला शर्विलक मदनिकेला दास्यातून सोडविण्यासाठी भिंत फोडून चोरी करतो, तो प्रवेश मात्र रोमन प्रेक्षकांना नेमका कळला असता. असो.

आता जुळ्यांचे ते नाटक. त्याचे नाव 'मेनेख्मी', म्हणजे मेनेख्मस नावाचे दोघे. सिराक्यूजच्या एका व्यापाऱ्याला दोन जुळे मुलगे. सात वर्षांचा असताना एक मुलगा गर्दीत चुकला. एपिडॅम्नस शहरच्या एका व्यापाऱ्याने त्याला पळवून नेले. हे शहर म्हणजे आजच्या आल्बेनियातले दुरेस. बाप त्या दुःखाने मेला. आजोबांनी राहिलेल्या नातवाला हरवलेल्याचे नाव दिले, आणि गोंधळाचा पाया तेथेच घातला गेला. हा दुसरा मेनेख्मस मोठा होऊन मेसेनिओ नावाचा गुलाम बरोबर घेऊन सहा वर्षे भावाला शोधतो आहे. हिंडत हिंडत तो एपिडॅम्नसला उतरतो.

तिकडे पहिला मेनेख्मस चांगला गबर झालेला. बायको हुंड्यासकट आलेली आणि म्हणून तोंडाळ. तो तिचाच एक शेला चोरून, आपल्या कपड्यांखाली नेसून, एका गणिकेला नजर करायला निघतो. सोबत एक आयतखाऊ स्नेही. गणिका जेवणाची तयारी करते. हा बाजारात जातो आणि नेमका दुसरा मेनेख्मस तिच्या दारात येतो. पुढचे सांगायलाच नको. हा जेवतो, शेला घेतो, वर सोन्याचे कडेही घेऊन जातो. आयतखाऊचे जेवण हुकते म्हणून तो चिडून बायकोकडे चहाडी करतो. सासरा येतो, वैद्य येतो. दुसरा मेनेख्मस सुटका व्हावी म्हणून वेडाचे सोंग घेतो, आणि वेडा म्हणून धरले जाते ते पहिल्याला! चार धटिंगण त्याला उचलून नेत असताना मेसेनिओ धावून येतो, आपलाच धनी समजून त्याला सोडवितो, आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागतो. पहिला मेनेख्मस म्हणतो, बाबा, तू माझा गुलामच नाहीस, तेव्हा माझ्यापुरता तू खुशाल स्वतंत्र हो! या एका वाक्यासाठी मेसेनिओ आनंदाने वेडा होतो. चुकीच्या माणसाने दिलेले स्वातंत्र्य, आणि तेही फुकटचे. शेवटी दोघे भाऊ समोरासमोर येतात, आणि हे दोघे कोण ते सर्वांच्या आधी ओळखतो तो मेसेनिओच. नाटकाचा अगदी शेवटचा प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवतो आहे.

हे नाटक आपल्यापर्यंत पोहोचले हाही योगायोगच. मध्ययुगात युरोपात प्लॉटसची फक्त आठ नाटके लोकांना ठाऊक होती. सन १४२९ मध्ये निकोलस क्यूसानस नावाच्या जर्मन धर्मपंडिताच्या शोधातून एक हस्तलिखित रोमला आले, आणि त्यात बारा नवी नाटके निघाली. 'मेनेख्मी' त्यांपैकीच एक. प्लॉटसची याहून जुनी एक पोथी मिलान शहरी होती. चर्मपत्र महाग म्हणून कोणीतरी नाटकांची अक्षरे खरवडून वर बायबलचा मजकूर लिहिला होता. सन १८१५ मध्ये अँजेलो माई या ग्रंथपालाला खालची पुसट अक्षरे दिसली. जुन्या वह्या-पोथ्या रद्दीत घालण्याआधी शिक्षकबंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे.

पोथी सापडल्यानंतर साठ वर्षांच्या आत, सन १४८६ मध्ये, इटलीतल्या फेरारा येथे सरदारांच्या दरबारी 'मेनेख्मी'चा इटालियन भाषेत प्रयोग झाला. मग लंडन. २८ डिसेंबर १५९४ च्या रात्री वकिलांच्या 'ग्रेज इन' या संस्थेत शेक्सपियरचे 'कॉमेडी ऑफ एरर्स' झाल्याची नोंद आहे. गर्दी आणि गोंधळ इतका झाला की, त्या रात्रीलाच लोकांनी गोंधळाची रात्र असे नाव ठेवले!

शेक्सपियर शाळेत लॅटिन शिकलेला. त्याने प्लॉटसच्या एका जुळ्यावर दुसरे जुळे ठेवले, म्हणजे नोकरही जुळे केले. ही युक्तीही त्याने प्लॉटसच्याच 'अँफिट्रिऑन' या दुसऱ्या नाटकावरून घेतली. तेथे ज्युपिटर हा देव सेनापतीचे रूप घेऊन त्याच्या बायकोकडे जातो आणि मर्क्युरी हा देव सोसिआ नावाच्या गुलामाचे रूप घेतो. खरा सोसिआ दारात आला की देव त्याला ठोकून काढतो आणि 'तू सोसिआ नव्हेसच' असे त्याच्याच तोंडून कबूल करून घेऊ पाहतो. प्रवेश हसवणारा आहे, पण मार खाऊन स्वतःचे नावही गमावू लागलेला तो माणूस पाहून मला पूर्ण हसता येत नाही. फ्रेंच भाषेत आजही हुबेहूब दुसऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला 'सोसी' म्हणतात.

शेक्सपियरने गणिकेला मागे सारले, बायकोला वाढविले, तिला एक समंजस बहीण दिली, आणि डोक्यावर मरणाची शिक्षा घेऊन फिरणारा म्हातारा बाप आणला. नाटकाला माया आली. पण नोकरांचे काय? ड्रोमिओ नावाची ही जुळी मुले बापाने गरीब आईबापांकडून विकत घेतलेली आहेत. नाटकभर ते मार खातात. एक ड्रोमिओ तर गाऱ्हाणे करतो की, जन्मापासून चाकरी केली आणि पदरात फटक्यांखेरीज काही पडले नाही. शेवटी दोघे ड्रोमिओ धाकटे-थोरले न ठरविता हातात हात घालून जातात. भाऊ मिळाला, स्वातंत्र्य मात्र कोणी दिले नाही, आणि त्यांनी मागितलेही नाही. प्लॉटसच्या मेसेनिओला ते मागायचे धैर्य होते. अठराशे वर्षांनंतरचा, ख्रिस्ती दयेच्या देशातला नोकर ते मागत नाही, हे मला विचार करण्याजोगे वाटते.

बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी सन १८६९ मध्ये याच नाटकाची गद्य कथा केली, 'भ्रांतिविलास'. त्यांनी मालकाचे नाव चिरंजीव ठेवले आणि नोकराचे किंकर. किंकर म्हणजे चाकर! त्या बिचाऱ्याला स्वतःचे असे नावसुद्धा नाही. सन १९६३ मध्ये त्यावर उत्तमकुमारांचा बंगाली चित्रपट आला, सन १९६८ मध्ये किशोरकुमारांचा 'दो दूनी चार', आणि मग गुलजारांचा 'अंगूर'. 'अंगूर'मध्ये बहादूर विकत घेतलेला नाही; ती टाकलेली मुले घरात सांभाळायला घेतली आहेत. त्याला बायको आहे, तो घरातलाच आहे, धन्याला उलट बोलतो. चाबूक गेला. तरीही अशोकांबरोबर वाढलेला मुलगा मोठेपणी भाजीची पिशवीच का धरतो, हा प्रश्न चित्रपटात कोणी विचारीत नाही. आपणही हसण्याच्या भरात विचारीत नाही.

दुसरी शाखा थेट मराठी रंगभूमीवर येते. प्लॉटसच्या 'मडके' या नाटकात युक्लिओ नावाच्या कंजूष म्हाताऱ्याला चुलीखाली पुरलेले सोन्याचे मडके सापडते आणि त्याची झोप उडते. त्यावरून फ्रान्सच्या मोलिएरने सन १६६८ मध्ये 'कंजूष' लिहिले, आणि मोलिएरवरून आपल्या आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक'. मूळ नाटकातली एक गंमत सांगतो. म्हातारा संशयाने एका गुलामाची झडती घेतो. उजवा हात दाखव, डावा दाखव, आणि आता तिसरा दाखव! मोलिएरने ही जागा सोडली नाही. दुसरी गंमत व्याकरणाची. शेजारचा तरुण म्हाताऱ्याच्या मुलीविषयी अपराध कबूल करतो, आणि म्हाताऱ्याला वाटते हा मडक्याविषयी बोलतो आहे. लॅटिनमध्ये मडके आणि मुलगी दोन्ही स्त्रीलिंगी. मोलिएरने मडक्याऐवजी पेटी घातली. तीही फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. मराठीतही 'पेटी' चालते: 'तिला मी हात लावला', 'ती आता माझी आहे', असे म्हटले की झाले. इंग्रजी भाषांतरकाराची मात्र येथे पंचाईत होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या गुरुजींनी हा एवढाच प्रवेश मुलांकडून बसवून पाहावा. सर्वनामाचा धडा वेगळा घ्यावा लागणार नाही.

'मडके' नाटकाचा शेवट हरवलेला आहे. जुन्या सारांशावरून एवढे कळते की, म्हातारा अखेर मडके जावयाला देऊन टाकतो. मोलिएरचा कंजूष काही सोडीत नाही. तो आपल्या पेटीकडेच जातो.

सेनेकाच्या शोकांतिकांचे इंग्लंडवरचे ऋण मोठे आहे. पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय. गुलामाकडेच परत येतो. मघाशी ज्याचा उल्लेख केला तो टेरेन्स स्वतः आफ्रिकेतून रोमला गुलाम म्हणून आला होता. त्याची बुद्धी पाहून मालकाने त्याला शिकविले आणि मुक्त केले. सहा नाटके लिहून तो ऐन तारुण्यात वारला. त्याच्या नाटकांत गुलामांची हाणामारी प्लॉटसपेक्षा पुष्कळच कमी आहे. या दोघांचा तो चतुर गुलाम इटलीच्या फिरत्या नाटकमंडळ्यांतून फ्रान्समध्ये नोकर होऊन गेला, आणि सन १७८४ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर फिगारो या नावाने उभा राहिला. बोमार्शेच्या त्या नाटकात सरदाराची नजर नोकराच्या नवरीवर आहे. नोकर त्याला चीत करतो, आणि प्रेक्षकांसमोर स्पष्ट विचारतो की, जन्माला येण्यापलीकडे या सरदारांनी कर्तबगारी ती काय केली? राजाने ते नाटक काही वर्षे अडवून ठेवले होते. पाचच वर्षांनी राज्यक्रांती झाली. नाटकामुळे झाली असे मी म्हणणार नाही. पण राजाची भीती अगदीच खुळी नव्हती. सन १९६२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये प्लॉटसच्या अनेक नाटकांचे मिश्रण करून एक संगीत प्रहसन झाले. त्यात स्यूडोलस या गुलामाला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट हवी असते, स्वतःचे स्वातंत्र्य. आणि ते त्याला मिळते.

आता 'मेनेख्मी'चा राखून ठेवलेला शेवट. भाऊ भावाला भेटला. मेसेनिओला त्याच्या खऱ्या धन्याने या वेळी रीतसर मुक्त केले. पहिला मेनेख्मस भावाबरोबर सिराक्यूजला जायचे ठरवितो आणि घरदार लिलावात काढतो. लिलाव पुकारायचे काम मेसेनिओ मागून घेतो. स्वतंत्र माणूस म्हणून त्याचे हे पहिले काम. सात दिवसांनी लिलाव होईल अशी तो दवंडी देतो: सामानसुमान विकायचे आहे, शेते विकायची आहेत, घर विकायचे आहे, आणि कोणी गिऱ्हाईक मिळाले तर बायकोसुद्धा. बायकोच्या नावाला मोठा हशा पडत असणार. शेक्सपियरने हा लिलाव घेतला नाही, आणि 'अंगूर'मध्येही तो नाही. पण त्या दवंडीच्या यादीत सर्वांत पहिले नाव बायकोचे नाही, घराचे नाही, शेतांचेही नाही. मेसेनिओ सर्वांत आधी पुकारतो ते गुलाम.